विश्लेषण : मुंबई सोडून मुलाबाळांसह कोकणात राहायला जाणे खरेच परवडते का?

घराचे भाडे, लोकलची गर्दी, मुलांच्या शाळेची फी आणि आठवड्यात जेमतेम एक रविवार. या चक्रात अडकलेल्या मुंबई, ठाणे, नवी मुंबईतल्या अनेक तरुण जोडप्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येते : ‘सगळे सोडून गावी जाऊ या.’ पूर्वी हे वाक्य निवृत्तीनंतरच्या बेताचे असे. करोनाकाळातल्या घरून कामानंतर ते पस्तिशीच्या आतल्या, लहान मुले असलेल्या कुटुंबांच्या तोंडी आले आहे. मूळ रत्नागिरी-सिंधुदुर्गची आणि गावात वाडवडिलांचे घर असलेली कुटुंबे तर याचा गंभीरपणे विचार करतात.

पण गणपतीत आठ दिवस राहायचे गाव वेगळे आणि जूनच्या अंधाऱ्या रात्री तापलेले मूल घेऊन राहायचे गाव वेगळे. अशा स्थलांतरात खर्च खरोखर किती घटतो, कोणाचे उत्पन्न बुडते, जमिनीच्या कागदपत्रांत काय अडकते, शाळा आणि दवाखान्याचे काय, याचा हा आढावा.

कोकणातून किती माणसे बाहेर गेली?

२०११ च्या जनगणनेत राज्यातील बहुतेक जिल्ह्यांची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची घटली. रत्नागिरीची लोकसंख्या २००१ मध्ये १६ लाख ९७ हजारांच्या आसपास होती, ती दहा वर्षांत १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गची ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर आली. याच दशकात ठाणे जिल्हा (तेव्हा पालघर त्याचाच भाग होता) सुमारे ३६ टक्क्यांनी वाढला. कोकण सोडणारी माणसे नेमकी कुठे जात होती, याचा अंदाज यावरून येतो.

दुसरा आकडा अधिक बोलका आहे. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. कमावता पुरुष मुंबईत आणि बाकीचे कुटुंब गावात, ही गिरण्यांच्या काळापासूनची व्यवस्था या आकड्यांत दिसते. मुंबईहून येणाऱ्या पैशांवर घर चालायचे म्हणून कोकणाला ‘मनिऑर्डरची अर्थव्यवस्था’ म्हटले गेले.

परतीच्या लाटाही येऊन गेल्या आहेत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हजारो कामगार कुटुंबांना गावचा रस्ता धरावा लागला. २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा तेच झाले. दोन्ही वेळा माणसे नाइलाजाने परतली आणि काम मिळताच अनेक जण पुन्हा शहराकडे वळले. आज जी चर्चा आहे ती वेगळ्या स्थलांतराची आहे. हातात नोकरी असताना, ठरवून, लहान मुलांसह जाण्याची.

आताच हा विचार का वाढला?

पहिले कारण घर. मुंबई महानगरात दोघांच्या पगाराचा मोठा हिस्सा भाड्यात किंवा गृहकर्जाच्या हप्त्यात जातो. मूल झाले की वन रूम किचन अपुरे पडते. मोठ्या घरासाठी आणखी लांबच्या उपनगरात जावे लागते आणि मग प्रवासाचे तास वाढतात. दुसरे कारण पाळणाघर. आजी-आजोबा गावी आणि आईवडील दोघेही नोकरीत, अशा घरात मुलाला सांभाळण्याचा खर्च भाड्याच्या खालोखाल येतो.

तिसरे कारण संपर्काच्या सोयी. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली. मुंबई-मडगाव वंदे भारत जून २०२३ मध्ये सुरू झाली. सिंधुदुर्गच्या दक्षिण टोकाला लागून असलेला गोव्यातील मोपा विमानतळ जानेवारी २०२३ पासून प्रवाशांसाठी खुला झाला. तालुक्याच्या गावांत, आणि काही ठिकाणी वाड्यांपर्यंतही, फायबर इंटरनेट पोहोचले.

सोयींची दुसरी बाजूही आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ च्या सुमारास सुरू झाले आणि दशक उलटून गेल्यावरही रखडलेल्या टप्प्यांवर दर गणपतीत आंदोलने होत राहिली. सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये थाटात सुरू झाला, पण तेथील मुंबईची विमानसेवा भरवशाची राहिली नाही. कोकण रेल्वेचा बहुतांश मार्ग आजही एकेरी आहे. जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दरड कोसळली तेव्हा जवळपास दिवसभर गाड्या बंद होत्या. ‘महिन्यातून दोनदा ऑफिसला जाऊन येऊ’ असा बेत आखणाऱ्यांनी पावसाळ्याचे चार महिने वेगळे मोजायला हवेत.

गावात खर्च किती कमी होतो?

गाव स्वस्त असते, हा समज अर्धाच खरा आहे. केंद्र सरकारच्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्च सरासरी ४,१२२ रुपये होता आणि शहरी भागात ६,९९६ रुपये. म्हणजे शहरातला खर्च सुमारे ७० टक्क्यांनी जास्त. पण २०११-१२ मध्ये हीच तफावत ८४ टक्के होती. मोबाइल, गॅस, पेट्रोल, औषधे, ऑनलाइन मागवलेली वस्तू यांचे दर गावात फारसे वेगळे नसतात. त्यामुळे मोठी बचत होते ती प्रामुख्याने दोन ठिकाणी : घर आणि पाळणाघर.

एक हिशेब मांडून पाहू. यातले आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत, प्रत्येक कुटुंबाने ते आपल्यापुरते बदलून घ्यावेत. समजा, ठाण्यातील एका घरात नवऱ्याला ७० हजार आणि बायकोला ४५ हजार पगार आहे. एकूण १ लाख १५ हजार. भाडे २८ हजार, शाळा आणि व्हॅन ९ हजार, पाळणाघर १० हजार, प्रवास ६ हजार आणि बाकी सगळे ३५ हजार. खर्च ८८ हजार, शिल्लक २७ हजार.

हेच कुटुंब कुडाळ किंवा चिपळूणसारख्या गावात गेले. नवऱ्याला घरून काम करण्याची परवानगी मिळाली, बायकोला नोकरी सोडावी लागली. उत्पन्न ७० हजार. भाडे ८ हजार, शाळा ३ हजार, गाडीचे पेट्रोल आणि देखभाल ७ हजार, इंटरनेटची दोन कनेक्शन आणि इन्व्हर्टरचा खर्च मिळून अडीच हजार, मुंबईच्या फेऱ्या ५ हजार आणि बाकी ३० हजार. खर्च ५५ हजार ५००, शिल्लक १४ हजार ५००.

खर्च तब्बल साडेबत्तीस हजारांनी घटला, तरी शिल्लक साडेबारा हजारांनी कमी झाली. कारण बुडालेला पगार हा वाचलेल्या खर्चापेक्षा मोठा आहे. उलट, बायकोला गावात महिन्याला साडेबारा हजारांहून थोडे जास्त मिळवता आले आणि मुलाकडे बघायला घरात कोणी असले, तर हेच कुटुंब ठाण्यापेक्षा पुढे जाते. थोडक्यात, स्थलांतर परवडते की नाही हे बहुतेक घरांत भाड्यावर ठरत नाही, ते दुसऱ्या पगारावर ठरते.

म्हणजे किंमत बाईने मोजायची?

बहुतेक वेळा होय, आणि चर्चेत हाच भाग सर्वांत कमी बोलला जातो. घरून काम करता येणारी नोकरी सहसा दोघांपैकी एकाकडेच असते. बँक, शाळा, रुग्णालय, दुकान किंवा कारखान्यात काम करणाऱ्या व्यक्तीला नोकरी सोबत नेता येत नाही. ती व्यक्ती अनेकदा बायको असते आणि ‘काही दिवसांनी बघू’ म्हणत तिची पाच-सात वर्षे निघून जातात.

गावात गेल्यावर कामही वाढते. पाहुण्यांची सरबराई, सणवार, सासू-सासऱ्यांची देखभाल, पावसाळ्याआधीची बेगमी हे सगळे तिच्याकडे येते. शहरात जी मोकळीक होती, उदाहरणार्थ कपडे, येण्या-जाण्याच्या वेळा किंवा मैत्रिणींसोबतचा चहा, तिला वाडीत दहा डोळे असतात. ज्या कुटुंबांत ‘शांत आयुष्य’ एकाला मिळते आणि दुसऱ्याला नवी पाळी लागते, तिथे हा प्रयोग दोन पावसाळे टिकणेही कठीण असते. म्हणून हिशेबाच्या वहीत तिच्या पगारासोबत तिची भविष्यनिर्वाह निधीची जमा, बढती आणि मधल्या खंडानंतर पुन्हा नोकरी मिळण्याची शक्यता या ओळीही असायला हव्यात.

गावचे घर आपलेच आहे, मग अडचण काय?

अडचण सात-बाऱ्यावर असते. कोकणात एकेका सात-बाऱ्यावर पंचवीस-तीस नावे असणे नवे नाही. आजोबांच्या नावावरची जमीन वारसांच्या नावे होते, त्यांच्या मुलांची नावे चढतात, पण प्रत्यक्ष वाटप होत नाही. काही हिस्सेदार मुंबईत, काही बडोद्यात, काहींचा पत्ताच नाही. अशा सामाईक जमिनीवर घर दुरुस्त करायचे तर भावकीत वाद, बँकेचे कर्ज काढायचे तर सर्वांच्या सह्या.

वाटपाचा मार्ग कायद्यात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ नुसार हिस्सेदारांच्या संमतीने तहसीलदारांकडे वाटपासाठी अर्ज करता येतो. अशा शेतजमिनीच्या वाटपपत्रावरचे नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. मात्र संमती नसेल तर दिवाणी न्यायालयाचा रस्ता उरतो आणि तो वर्षांचा असतो.

दुसरा गैरसमज घरपट्टीचा. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा हा कर आकारणीचा कागद आहे, मालकी हक्काचा पुरावा नाही. गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका देण्यासाठी केंद्राने एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू केली. पण कोकणातली घरे वाड्या-वाड्यांत विखुरलेली असतात आणि अनेक घरे गावठाणाबाहेर शेतजमिनीत आहेत. त्यांना त्याचा उपयोग मर्यादित.

ज्यांचे गावात काहीच नाही, त्यांच्यासाठी तिसरा अडथळा आहे. कुळकायद्याच्या, म्हणजे १९४८ च्या कायद्याच्या, कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. आई किंवा वडिलांच्या वारसाहक्काने राज्यात कुठेतरी सात-बाऱ्यावर नाव असेल तर प्रश्न सुटतो, अन्यथा बिनशेती भूखंड किंवा तयार घर हाच पर्याय. ‘नंतर बिनशेती करून देऊ’ असे सांगून गुंठ्यांनी विकल्या जाणाऱ्या तुकड्यांत तुकडेबंदी कायद्याचाही प्रश्न येतो. रस्ता कागदावर आहे का, पाण्याचा हक्क कोणाचा, वहिवाट कोणाची, हे मोजणी झाल्याशिवाय कळत नाही.

मुलांच्या शाळेचे काय?

इथे चित्र दोन टोकांचे आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे असलेले कोकण शिक्षण मंडळ दहावीच्या निकालात वर्षानुवर्षे राज्यात पहिले येते. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता, कोकणाचा ९८.८२ टक्के. म्हणजे गावात शिकून मूल मागे पडेल ही भीती निदान दहावीच्या निकालावरून तरी सिद्ध होत नाही.

पण शाळा टिकेल का, हा प्रश्न आहे. मुलेच नसल्याने कोकणातील जिल्हा परिषद शाळांचे पट घसरले आहेत. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची संख्या राज्यात पंधरा हजारांच्या घरात असल्याची आकडेवारी २०२३ मध्ये पुढे आली आणि अशा शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याची चर्चा सुरू झाली. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने कमी पटाच्या शाळांतील शिक्षकपदांचे निकष बदलले. त्याचा सर्वाधिक फटका डोंगराळ भागाला, म्हणजे कोकणालाही बसेल, असा शिक्षक संघटनांचा आक्षेप आहे.

अशा वेळी एका कुटुंबाचे येणे ही लहान गोष्ट राहत नाही. नऊ मुलांच्या शाळेत दोन भावंडे दाखल झाली की पट अकरावर जातो. शिक्षकपद राहील की जाईल हे अशा एकेका आकड्यावर ठरते. दुसऱ्या बाजूने, त्याच शाळेत आपल्या मुलाच्या वयाचे एकही मूल नसू शकते आणि चार इयत्ता एकाच खोलीत बसतात. शिक्षक चांगला असेल तर मुलाला असे लक्ष शहरात मिळणार नाही. त्याची बदली झाली तर सगळेच बदलते.

म्हणून बरीच कुटुंबे वाडीऐवजी सावंतवाडी, कुडाळ, कणकवली, रत्नागिरी, चिपळूण, दापोली अशा गावांना पसंती देतात. तिथे मराठी, सेमी इंग्रजी आणि इंग्रजी असे पर्याय असतात. बारावीनंतर मात्र बहुतेक मुलांना पुणे-मुंबई-कोल्हापूरकडे जावे लागते. म्हणजे पाच वर्षांच्या मुलासाठी घेतलेला निर्णय साधारण बारा वर्षांचा असतो, हे धरूनच चालायला हवे.

रात्री-अपरात्री दवाखान्याची गरज लागली तर?

शहर सोडताना आईवडिलांच्या मनातली सर्वांत मोठी भीती हीच असते आणि ती अनाठायी नाही. ओरोस आणि रत्नागिरी येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये अलीकडच्या वर्षांत सुरू झाली. तरी गंभीर आजारात दक्षिण सिंधुदुर्गातला रुग्ण आजही गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे जातो, उरलेले कोल्हापूर किंवा मुंबई गाठतात. २०१८ मध्ये गोवा सरकारने परराज्यातील रुग्णांना तेथे शुल्क लावले तेव्हा दोडामार्गमध्ये मोठे आंदोलन उभे राहिले होते. ‘आमचे रुग्णालय आमच्या राज्यात का नाही,’ हा त्या आंदोलनामागचा प्रश्न होता.

आजारही वेगळे आहेत. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस, उन्हाळ्याच्या तोंडावर दोडामार्ग-बांदा पट्ट्यात माकडताप, बाराही महिने सर्पदंश आणि विंचूदंश. यातले बरेच वेळेवर उपचार मिळाल्यास बरे होणारे आहे. त्यामुळे घर निवडताना समुद्र किती जवळ आहे यापेक्षा बालरोगतज्ज्ञ आणि सर्पदंशाची लस असलेले आरोग्य केंद्र किती मिनिटांवर आहे हे आधी पाहावे. नकाशावरचे अंतर नव्हे, तर जुलैतल्या रात्री लागणारा वेळ.

घरून काम किती भरवशाचे?

या सगळ्या बेताचा पाया बहुधा एकाच ई-मेलवर उभा असतो : कंपनीची परवानगी. ती परत घेतली जाऊ शकते. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून बहुतांश कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावले. इतर अनेक कंपन्यांनीही तीन-चार दिवसांची सक्ती केली. करोनाकाळात गावी गेलेल्या अनेकांना तेव्हा सामान बांधावे लागले. नोकरीच्या करारात कामाचे ठिकाण काय लिहिले आहे आणि बदलाची सूचना किती दिवस आधी मिळेल, हे तपासल्याशिवाय मुलाचा शाळेचा दाखला काढणे धोक्याचे ठरते.

वीज हा दुसरा भाग. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड परिसरात आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पुराच्या पाण्याखाली गेले. ही टोकाची उदाहरणे झाली, पण साध्या पावसातही फांदी पडून लाइन गेली की वायरमन येईपर्यंत वाट पाहावी लागते. ग्राहकाशी मीटिंग सुरू असताना हे कारण एकदा चालते, दरवेळी नाही.

गावातच कमवायचे तर आंबा, काजू, कोकम, पर्यटन हे पर्याय डोळ्यांसमोर येतात. हापूसला, वेंगुर्ल्याच्या काजूला आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा म्हणून घोषित आहे. पण हापूसचा मोहोर एका अवकाळी पावसाने करपतो, वानर-माकडे तयार फळ फस्त करतात आणि नवी लावलेली कलमे उत्पन्न द्यायला वर्षे घेतात. होमस्टेचा धंदा मे, दिवाळी आणि नाताळ एवढ्यात एकवटलेला असतो. पहिल्या दोन-तीन वर्षांचे पोट यावर अवलंबून ठेवणे धाडसाचे आहे.

इतर देशांत सरकार यासाठी काय करते?

जपानचे उदाहरण नेहमी दिले जाते. टोकियोतील गर्दी आणि ओस पडणारी गावे या दोन्हींवर उपाय म्हणून तिथल्या सरकारने २०१९ मध्ये टोकियो सोडणाऱ्यांसाठी अनुदान सुरू केले. कुटुंबाला १० लाख येनपर्यंत रक्कम मिळते. २०२३ मध्ये प्रत्येक मुलामागची जादा रक्कम ३ लाख येनवरून १० लाख येन, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे सहा लाख रुपये, करण्यात आली. अट अशी की नव्या ठिकाणी पाच वर्षे राहावे. लवकर परतल्यास पैसे परत करावे लागतात.

तरीही टोकियो महानगरात येणाऱ्यांची संख्या जाणाऱ्यांपेक्षा जास्तच राहिली. करोनाकाळात फरक घटला, नंतर पुन्हा वाढला. म्हणजे पैशाने जाण्याचा खर्च निघतो, पण नोकरी, शाळा आणि रुग्णालय त्याने तयार होत नाही. महाराष्ट्रात तरुण कुटुंबांना गावी वसवण्यासाठी असे थेट अनुदान नाही. पण जपानचा धडा इथे लागू पडतो : गावात डॉक्टर आणि शिक्षक टिकला तर कुटुंबे अनुदानाशिवायही येतील. तो टिकला नाही तर अनुदान घेऊनही थांबणार नाहीत.

येणाऱ्यांमुळे गावाचे भले होते का?

होऊ शकते. शाळेचा पट, किराणा दुकान, एसटीची वस्तीची गाडी, प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचारी हे सगळे माणसांच्या संख्येवर टिकते. गावात राहणाऱ्या तरुण आईवडिलांचा ग्रामसभेत आवाज असतो. बंद घराच्या मालकाचा नसतो.

पण येणारा प्रत्येक जण राहायला येतो असे नाही. डोंगरउतारावरच्या जमिनी बाहेरच्या गुंतवणूकदारांना विकल्या जात आहेत. तिथे बंगले उभे राहतात आणि वर्षातले दहा महिने बंद असतात. जमिनीचा भाव चढतो, गावातल्याच तरुणाला घरासाठी चार गुंठे घेणे जड जाते आणि विहिरींच्या शेजारी बोअर पडतात. मुंबईच्या पगारावर गावचे भाडे देणारे कुटुंब आणि गावच्या मजुरीवर जगणारे कुटुंब यांच्यातली ही तफावत न बोलता जाणवत राहते. २०२५ च्या गणेशोत्सवाआधी ‘चाकरमानी’ऐवजी ‘कोकणवासीय’ म्हणावे असा निर्देश सरकारी पातळीवर निघाला. मात्र गावाच्या लेखी कोण चाकरमानी आणि कोण गावकरी, हे अजूनही पावसाळ्यात चूल कुठे पेटते यावरच ठरते.

जायचे ठरवलेच तर क्रम काय असावा?

घाईने घर विकणे किंवा बांधायला घेणे ही सर्वांत महाग चूक ठरते. आधी भाड्याने राहून एक पूर्ण पावसाळा काढावा. जूनमध्ये जाऊन ऑक्टोबरपर्यंत टिकले तर पुढचे सोपे असते. शहरातले घर स्वतःचे असेल तर ते भाड्याने द्यावे, म्हणजे परतीची वाट उघडी राहते. निदान सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवावा. कंपनीची परवानगी लेखी घ्यावी. आरोग्य विम्यात जवळच्या कोणत्या रुग्णालयात रोख भरावी लागत नाही, ते पाहावे. जमिनीचा सात-बारा, आठ-अ आणि फेरफार काढून घ्यावेत आणि भावकीशी बोलणे घर दुरुस्त करण्याआधी करावे, नंतर नव्हे.

आणि एक प्रश्न दोघांनी एकमेकांना वेगवेगळा विचारावा : एका वर्षाने दोघांपैकी एकाला परत जावेसे वाटले तर काय करायचे? याचे उत्तर आधी ठरलेले असेल तर जाणे सोपे होते आणि गरज पडली तर परत येणेही. मुंबईत रोज तीन तास प्रवासात घालवणाऱ्या बापाला संध्याकाळी मुलासोबत अंगणात बसता येणे, याची किंमत कोणत्याही हिशेबात नीट मांडता येत नाही. पण तो अंगणात बसलेला असताना चुलीपुढे कोण आहे, महिन्याचे पैसे कुठून येत आहेत आणि मुलाच्या वर्गात उद्या शिक्षक असेल का, हे तीन प्रश्न सुटले असतील तरच ती संध्याकाळ पुढच्या वर्षीही टिकते.